मदत हवी आहे: हार्डी जिरेनियमची उन्हाळी छाटणी, रोझॅनला कात्री लावू की नको?

नमस्कार मंडळी, कुंडीत लावतात आणि कडाक्याच्या थंडीत मरतं ते जिरेनियम (म्हणजे पेलार्गोनियम) नाही, तर जमिनीतलं, हिवाळ्यात वरून सुकून वसंतात परत मुळापासून फुटणारं जे असतं ना, त्याच्याबद्दल विचारायचंय.

माझ्याकडे त्याच्या प्राटेन्स, फेअम, मॅक्रोरायझम आणि मॅग्निफिकम या जाती आहेत, शिवाय रोझॅन हा निळ्या फुलांचा वाण. पहिला बहर संपत आलाय. प्राटेन्सचे दांडे आडवे पडलेत आणि ठोंब मधून पार उघडा दिसतोय. ते मी जमिनीपासून चार बोटं ठेवून सगळंच कापणार आहे, कारण बुडाशी नवीन पानं डोकावताना दिसताहेत, भरपूर पाणी दिलं की दोन-तीन आठवड्यांत ताजा पाला येतो आणि कधीकधी परत थोडी फुलंही येतात. शिवाय शेंगा वाळल्या की तटकन उडून बिया लांबवर फेकतात, मग वाफाभर रोपं उपटत बसा! फेअमचं पण तेच करेन, त्याच्या पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसायला लागलीये. मॅक्रोरायझमला मात्र फक्त फुलांचे दांडे काढणार, त्याची पानं बरीचशी हिवाळ्यातही टिकतात आणि जाड खोडं जमिनीवरच पसरलेली असतात, ती कापायला मन होत नाही. बरोबर ना?

आता खरी अडचण रोझॅनची. हे वांझ संकरित आहे, बी धरत नाही म्हणून जूनपासून थंडी पडेपर्यंत फुलतच राहतं, आणि त्यासाठीच तर ते लावलंय. पण आत्ता ते एवढं पसरलंय की शेजारची छोटी रोपं त्याच्याखाली गुदमरताहेत, मधला भाग पिवळट आणि विरळ झालाय, आणि टोकांना मात्र कळ्याच कळ्या! पूर्ण कापलं तर काही आठवडे निळं फूल दिसणार नाही, नाही कापलं तर शेजाऱ्यांचं काही खरं नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की आत्ता अर्ध्या फांद्या मागे घ्यायच्या, त्या फुटल्या की उरलेल्या कापायच्या, म्हणजे फुलं अगदीच बंद पडणार नाहीत. कुणी असं टप्प्याटप्प्याने केलंय का? फांद्या बुडापासून काढाव्या की निम्म्यावर तोडल्या तरी बाजूने फुटवे येतात?

आणि मॅग्निफिकम तर वर्षातून एकदाच फुलतं, त्याला कापून फक्त पाला ताजा होणार, तेवढ्यासाठी आत्ता त्याची ताकद खर्च करावी का? मला तर नुसते सुकलेले दांडे काढून सोडून द्यावं असं वाटतंय.

पुढच्या आठवड्यात ऊन फार वाढणार म्हणताहेत. त्याआधी कापून मुळाशी आच्छादन घालू की उन्हाचा तडाखा ओसरेपर्यंत थांबू? आणि द्रवखत कापल्या-कापल्या द्यायचं की नवीन पानं दिसल्यावर? ज्यांच्याकडे रोझॅन जुनं आहे त्यांनी प्लीज सांगा, कळ्या बघून हात पुढे जात नाहीये.