जिल्हा अभियंता संघटनेची अध्यक्ष झाले आहे, तरुण सभासद वेगळी चूल मांडायच्या बेतात आहेत. काय करावं?

ओळंबा:

एप्रिलपासून मी आमच्या जिल्ह्यातल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संघटनेची अध्यक्ष आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं काम स्ट्रक्चरल डिझाइनचं.

संघटना सत्तरच्या दशकातली. स्वतःची जागा आहे, खाली ऑफिस आणि वर हॉल. ती सभासदांनीच उभी केली. कुणी सिमेंट दिलं, कुणी सळई, कुणी आपला गवंडी पाठवला. पंधरा सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालून अभियंता दिन होतो. हॉलमध्ये एक लोखंडी कपाट आहे, त्यात आयएस कोड, म्हणजे बांधकामाची भारतीय मानकं. एके काळी कोडची प्रत विकत घेणं न परवडणारी मुलं संध्याकाळी तिथे येऊन बसत आणि शेजारी बसलेले जुने इंजिनिअर त्यांना बीम-कॉलम जॉइंटचं डिटेलिंग कागदावर काढून दाखवत. मीही तशीच शिकले. आता भारतीय मानक ब्यूरोच्या पोर्टलवरून कोड फुकट उतरवता येतात. ही फार चांगली गोष्ट झाली. पण कोडसाठी येणारं कुणी उरलं नाही, आणि ते शेजारी बसणंही त्याबरोबर गेलं.

२०२० च्या शेवटी राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि परवानग्या ऑनलाइन झाल्या. प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे हे जुन्यांना पाठ होतं. पोर्टलने ड्रॉइंग का परत पाठवलं हे मात्र तरुणांना कळतं. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. त्यातली बरीच मुलं आमची सभासदच नाहीत. जे आहेत त्यांना कार्यकारिणीत यायचं तर घटनेप्रमाणे दहा वर्षांचं सभासदत्व लागतं. स्त्रिया वीस-बावीस आहेत, पण सभा रात्री साडेआठला, म्हणजे येणार कोण?

ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्या एका तरुण सभासदाने जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ‘राहण्यास अयोग्य’ असं स्पष्ट लिहिलं. मालकाने शब्द बदलायला सांगितले, त्याने नकार दिला. ते काम गेलं, पाठोपाठ दुसऱ्यांकडची कामंही गेली. तो संघटनेकडे आला, तर आधीच्या कार्यकारिणीने ‘हा त्याचा खासगी व्यवहार’ म्हणून विषयच घेतला नाही. तेव्हापासून तीस-चाळीस जण स्वतंत्र संघटना काढायच्या गोष्टी करताहेत.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. मला ही संघटना एकत्र ठेवायची आहे. ज्यांनी अशा संस्था बदलताना जवळून पाहिल्या आहेत, त्यांनी सांगावं.

पोफळी_ते_न्यूजर्सी:

ताई, मी पॉवरवाला. सुरुवात कोयनेच्या वीजघरात केली, आता इकडे ट्रान्समिशनमध्ये आहे. तुमची गोष्ट वाचून आमच्या आयईईईचा, म्हणजे वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्सच्या जागतिक संस्थेचा, जन्म आठवला, कारण ती संस्था अशाच फुटीतून झाली.

अमेरिकेतल्या वीज इंजिनिअर्सची जुनी संस्था म्हणजे एआयईई, १८८४ सालची. सुरुवातीच्या उपाध्यक्षांत एडिसन आणि ग्रॅहम बेल. तार, जनित्रं, मोठ्या वीजवाहिन्या हा तिचा संसार. बिनतारी संदेशवाले आले तेव्हा त्यांना तिथे जागा वाटेना, म्हणून त्यांनी १९१२ मध्ये आयआरई काढली. पुढे रेडिओचं रडार झालं, टीव्ही झाला, ट्रान्झिस्टर आणि संगणक आले, आणि आयआरईने प्रत्येक नव्या विषयाला दार उघडं ठेवलं. १९४८ पासून त्यांनी विषयवार प्रोफेशनल ग्रुप करू दिले. ज्यांना तो विषय येतो त्यांनीच तो ग्रुप चालवायचा, आपल्या परिषदा घ्यायच्या, आपलं नियतकालिक काढायचं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस धाकटी संस्था सभासदसंख्येत थोरलीच्या पुढे गेली होती. विद्यार्थी तर सरळ तिकडेच जात.

मग दोन्हीकडच्या जाणत्यांनी बोलणी केली, १९६२ मध्ये सभासदांचं मतदान झालं, आणि १ जानेवारी १९६३ ला दोन्हींची मिळून आयईईई झाली. सभासद सुमारे दीड लाख. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की नव्या संस्थेने रचना धाकटीची उचलली. ते प्रोफेशनल ग्रुप म्हणजेच आजच्या सोसायट्या. आम्हा पॉवरवाल्यांची सोसायटी त्यांतलीच एक आहे आणि चांगली भरभराटीत आहे. तेव्हा अनेक ज्येष्ठांना भीती होती की इलेक्ट्रॉनिक्सवाले आपल्याला गिळतील. तसं झालं नाही, कारण आपला कारभार आपल्या हाती राहिला.

तुमच्या तरुण सभासदाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. त्याला बार्टची गोष्ट जरूर सांगा. बार्ट म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची तेव्हाची नवी रेल्वे, तिच्यात गाड्या आपोआप चालवणारी यंत्रणा होती. हॉल्गर ह्योर्ट्सवांग, मॅक्स ब्लँकेन्झी आणि रॉबर्ट ब्रूडर या तीन इंजिनिअर्सना ती धोक्याची वाटली. वरिष्ठांनी ऐकलं नाही तेव्हा त्यांनी संचालक मंडळातल्या एकाला सांगितलं. मार्च १९७२ मध्ये तिघांनाही कामावरून काढलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला फ्रीमाँट स्टेशनात गाडी न थांबता रूळ संपेपर्यंत गेली आणि लोक जखमी झाले. यंत्रणेतल्या एका क्रिस्टल ऑसिलेटरचा दोष निघाला.

तिघे कोर्टात गेले. जानेवारी १९७५ मध्ये आयईईईने त्या खटल्यात न्यायालयाचा मित्र म्हणून निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं असं, की लोकांच्या सुरक्षेची जबाबदारी इंजिनिअरच्या नोकरीच्या करारातच अंतर्भूत असते आणि ती पाळली म्हणून त्याला काढता येणार नाही. प्रकरण पुढे तडजोडीत मिटलं, १९७८ मध्ये आयईईईने तिघांना सार्वजनिक हितासाठी पुरस्कार दिला.

हे धाडस आपोआप आलेलं नव्हतं. १९७० च्या आगेमागे अवकाश आणि संरक्षणाची कामं आटली, इंजिनिअर मोठ्या संख्येने बेकार झाले. सभासद विचारू लागले की ही संस्था फक्त शोधनिबंध छापणार की आमच्या पोटापाण्याचंही पाहणार? त्या रेट्यामुळे १९७२ मध्ये संस्थेची घटना बदलली आणि अशा कामाला वाट मिळाली. तुमच्या जागी मी असतो तर हॉल, ॲप, वेबसाइट सगळं बाजूला ठेवून आधी त्या मुलाचा विषय घेतला असता.

वाशीची_निवृत्त_रसायनशास्त्रज्ञ:

वरचा प्रतिसाद आवडला, पण एका बाबतीत माझं मत निराळं आहे. वेगळी संघटना निघाली तर ती हानीच, असं धरून चालू नका. आमच्याकडे मुंबईतल्या काही वैज्ञानिक स्त्रियांनी १९७३ मध्ये इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. तेव्हा विज्ञानाच्या संस्था काय कमी होत्या? पण बाळ लहान असताना प्रयोगशाळेत संध्याकाळी सातपर्यंत कसं थांबायचं, हा प्रश्न त्यांच्या विषयपत्रिकेवर कधी यायचाच नाही. आज वाशीच्या तिच्या वास्तूत व्याख्यानं होतात, आणि तिथेच नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघरही आहे. वैज्ञानिकांच्या संस्थेने पाळणाघर चालवणं मला शोधनिबंधांइतकंच मोलाचं वाटतं.

दार बंद ठेवलं की काय होतं, याचं एक उदाहरण तुमच्याच सिव्हिलमधलं आहे. नोरा स्टँटन ब्लॅच ही कॉर्नेलमधून १९०५ मध्ये सिव्हिल इंजिनिअर झाली. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने तिला कनिष्ठ सभासद करून घेतलं, पण त्या वर्गाची वयोमर्यादा संपल्यावर पुढचं सभासदत्व दिलं नाही. १९१६ मध्ये ती कोर्टात गेली आणि हरली. त्या संस्थेने तिला फेलो केलं ते २०१५ मध्ये. ती १९७१ मध्येच गेली होती.

आणि आपल्याकडच्या ए. ललिता. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी, आणि तरी चाळीसच्या दशकात मद्रासच्या गिंडी कॉलेजातून त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. कलकत्त्यात एका कंपनीत ट्रान्समिशन लाइनच्या डिझाइनचं काम केलं, त्यात भाक्रा-नांगलचंही होतं. लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना १९५३ मध्ये असोसिएट सभासद आणि १९६६ मध्ये पूर्ण सभासद केलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्या आणि वैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या होत्या.

सभा साडेआठला कशाला ठेवता? शनिवारी दुपारी चारला ठेवा, खालच्या ऑफिसात मुलांना बसायची सोय करा. हा निर्णय घ्यायला घटना बदलावी लागत नाही, अध्यक्षांची सही पुरते.

जुना_कार्यवाह:

ताई, मी आमच्या शहरातल्या अशाच एका संस्थेचा बरीच वर्षं कार्यवाह होतो, म्हणून कागदाचं सांगतो. उत्साहाच्या भरात लोक हेच विसरतात.

दहा वर्षांची अट काढायला घटनादुरुस्ती लागेल. तुमच्याच घटनेत दुरुस्तीचं कलम असेल, त्यातली नोटिशीची मुदत आणि गणपूर्ती अक्षरशः पाळा. संस्थेचे उद्देशच बदलायचे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं, तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० चं कलम १२ पाहा: तीन पंचमांश मतं, आणि महिन्याभराच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी ठराव कायम करावा लागतो. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करा. तो राहून गेला की पुढे बँकेत सही बदलतानाही अडून बसतात.

एक मनातलं. ज्येष्ठांना खलनायक करू नका. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई परीक्षा देऊन, दिवसा साइट आणि रात्री अभ्यास करून इंजिनिअर झालेली किती तरी माणसं माझ्या ओळखीची आहेत. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी त्या परीक्षेची पदवीशी असलेली समकक्षता सरकारने काढून घेतली, तेव्हा या माणसांना आपली शिडीच कुणी उचलून नेल्यासारखं वाटलं. संघटनेचा हॉल त्यांच्यासाठी नुसता हॉल नाही. त्यांच्याकडून काही काढून घेताना हे लक्षात असू द्या.

साइटवरून:

मॅडम, मी सत्तावीस वर्षांचा आहे, दुसऱ्या जिल्ह्यातला. आमच्याकडे वेगळी संघटना निघाली आणि मी तिच्यात आहे, म्हणून लिहितोय.

आम्हाला पदं नको होती. ड्रोन सर्व्हेचं प्रशिक्षण ठेवायचं म्हटलं तर आधी अर्ज, मग कार्यकारिणी, मग पुढच्या महिन्यात बघू. आता आम्ही स्वतः ठरवतो आणि रविवारी करतो. पण खरं सांगू का, आमच्यात जुनं कुणीच नाही. काळ्या मातीत पाया फुगून भिंतींना तडे गेले की काय करायचं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. परवा एका बंगल्याच्या पायासाठी मी जुन्या संघटनेतल्या एका काकांच्या घरी गेलो. त्यांनी तीन तास दिले, चहा दिला, पैशाचं नावही काढलं नाही. असे काका आमच्या संघटनेत हवे होते.

ओळंबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पोफळीकर, बार्टची हकीकत मी त्या सभासदाला फोनवर सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “त्यांच्यामागे निदान संस्था उभी राहिली.” मला हे लागलं.

गुरुवारी कार्यकारिणीची बैठक घेतली. त्याच्या ऑडिटचा अहवाल आमच्या तिघा ज्येष्ठ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सनी वाचायला घेतला आहे. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर निघाला तर संघटनेच्या लेटरहेडवर तसं पत्र महापालिकेला आणि इमारतीच्या मालकाला जाईल. दोघांनी विरोध केला, म्हणाले उद्या सगळेच असे येतील. मी म्हटलं, यावेत. याच कामासाठी ही संघटना आहे.

दहा वर्षांची अट दोनवर आणण्याचा ठराव सप्टेंबरच्या सभेपुढे ठेवते आहे. कार्यवाहकाका, नोटिशीचा मसुदा तुम्ही म्हणालात तसाच केला. विषयवार गटांनाही मंजुरी मागणार आहे: ऑनलाइन परवानगी आणि नियमावली, ड्रोन सर्व्हे, जुन्या इमारतींचं ऑडिट. प्रत्येक गटाला स्वतःचं छोटं अंदाजपत्रक, आणि खर्चाला कार्यकारिणीची आगाऊ परवानगी नाही, वर्षाअखेर हिशेब द्यायचा. ऑडिटच्या गटात निम्मे ज्येष्ठ असावेत असं मला वाटतं, ते साइटवरूनच्या पत्रामुळे. पुढच्या महिन्यापासून सभा शनिवारी चारला.

तरीही कुणी वेगळे निघाले तर हॉल त्यांना सभासदांच्याच दराने द्यायचा, हेही मांडणार आहे. वाशीच्या ताईंचं त्याबाबतचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही, पण दार आपल्या बाजूने बंद करायचं नाही एवढं नक्की.

एक अडचण उरली आहे. गटांना स्वतंत्र खर्चाचे अधिकार दिले तर आमचे ऑडिटर म्हणतात खातं एकच ठेवा, नाहीतर धर्मादाय कार्यालयाकडे जाणाऱ्या हिशेबपत्रकात गोंधळ होईल. कुणाच्या संस्थेत अशी रचना असेल तर घटनेतलं ते कलम आणि हिशेब ठेवायची पद्धत इथे टाकाल का? नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी.