नागपूर ते टोरांटो : नकाशावर चौदा तास, तिकिटावर पंचवीस

प्रतापनगरकर
नमस्कार. डिसेंबरात ताईचं बाळंतपण आहे, त्यासाठी आई (वय ६७) टोरांटोला एकटी जाणार. पहिलाच विमानप्रवास. सरळ अंतर जवळपास १२,५०० किमी, म्हणजे ताशी ९०० नं चौदा तास. दिल्लीमार्गे तिकीट मात्र पंचवीस तासांचं! त्यातही दिल्लीहून पहाटे ३ ला निघून त्याच तारखेला सकाळी ८ ला पोहोच. आई म्हणते, "पाचच तास तर आहेत." तिचे गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू आहे. मुंबईहून बरं पडेल का?

वर्धारोडच्या काकू
अरे, मी भूगोल शिकवायची आणि लेकाकडे दोनदा याच वाटेनं गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ग्लोबवर दोरा ताणून बघ. नागपूर ७९ पूर्व रेखांशावर, टोरांटो ७९ पश्चिमेला, म्हणून सर्वांत जवळची वाट थेट उत्तरेकडे, ध्रुवाच्या बाजूनं जाते. दिल्ली त्याच वाटेवर आहे. नागपूर-दिल्ली ८५० किमी, पुढे ११,६५० च्या आसपास, बेरीज तीच. मुंबईला गेलात तर सहा-सातशे किमी उगाच वाढतात.

पण विमानाला दोऱ्यासारखं जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द आपल्या विमानांना बंद झाली, रशियाची कॅनडाच्या विमानांना २०२२ पासूनच. वळसा पडतो, जाताना वाराही बहुतेक समोरून असतो. म्हणून तेरा तासांचं अंतर साडेपंधरावर जातं. टोरांटोचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे. पहाटेच्या ३ मध्ये साडेपंधरा मिळव, इथे संध्याकाळचे साडेसहा, तिथे सकाळचे ८. हे आईला कागदावर मांडून दाखव.

दिल्लीतले पावणेआठ तास कमी करू नकोस. पहिल्या वेळी मी दोनच तासांचं अंतर ठेवलं, धुक्यानं नागपूरचं विमान उशिरा पोहोचलं आणि गुडघा धरून धावावं लागलं. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. बॅगांना टोरांटोपर्यंतचा टॅग लागला का, ते सोनेगाव विमानतळाच्या काउंटरवर विचारून घे.

धंतोलीची सून
इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, खालच्या सामानात गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आईंचा तो दिवस साडेदहा तासांनी लांबणार, त्यामुळे कुठला डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून वेळेसकट लिहून घ्या. माझ्या सासूबाईंनी अंदाजानं घेतलं आणि विमानातच साखर उतरली. खूप घाबरलो होतो आम्ही.

प्रतापनगरकर
काकू, ताई, मनापासून आभार. दिल्लीमार्गेच तिकीट काढलं, व्हीलचेअर नोंदवली, डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. पुतणीच्या ग्लोबवर दोरा आईनं स्वतः ताणून पाहिला. देवघराशेजारी एक घड्याळ आजच टोरांटोच्या वेळेवर लावून दिलंय. ताईला फोन करण्याआधी आता ती त्याकडे बघते.