गिझर चालू असताना नळाला झिणझिण्या, अर्थिंग पाण्याच्या पाइपवर आहे

शहापूरकर:
बेळगावात शहापूरला जुनं घर, लाकडी पट्टीतलं वायरिंग. अर्थिंगची तार नळाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला क्लॅम्प केलेली. रस्त्यावरून येणारी नळाची लाइन प्लॅस्टिकची झाल्यापासून नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतात, गिझरच्या सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र जोडून टाकू. चालेल का?

खानापूर वायरिंग:
अजिबात नको! जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला किंवा न्यूट्रल कुठे सुटली की फेज (जिवंत तारेची वीज) एलिमेंटमधून फिरून त्या जोडावाटे गिझरच्या अंगावर येतो. २३० व्होल्ट, आणि एमसीबी (जास्त करंटवर आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. तो न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे सरळ लिंक (फ्यूजशिवायची धातूची जोडणी) टाकून घ्या.

पूर्वी गावभरचा लोखंडी पाइप जमिनीत होता, तीच तुमची अर्थिंग. आता घरातला तुकडा नुसता लोंबकळतोय आणि गिझरची गळती त्यावर येतेय. गिझर आजच बंद करा. एलिमेंट ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) बघा, १ मेगाओहमच्या खाली असेल तर बदला.

मग अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा: ४० एमएम जीआय पाइप, अडीच मीटर, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती). कोळसा-मीठही चालतं, पण मीठ पाइप खातं. आमच्याकडच्या जांभ्यात पाणी टिकत नाही, म्हणून अर्थिंगच्या ओहमचं रीडिंग मे महिन्यात घ्या; पावसाळ्यातल्या आकड्यावर जाऊ नका. जुना क्लॅम्प मात्र काढू नका. बाथरूमचे लोखंडी पाइप ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेने अर्थ पट्टीला जोडलेलेच हवेत.

निपाणी इलेक्ट्रिकल:
वरचं बरोबर, पण खड्ड्यावर भागत नाही. अर्थिंग ५ ओहम धरली तरी दोषाचा करंट ४६ अँपिअर. ३२ च्या एमसीबीला त्यावर पडायला बराच वेळ लागतो, तोवर बॉडी जिवंत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंग १०० ओहम असली तरी तो पडेल.

जुन्या घरात तो बसवल्याबरोबर पडतो आणि लोक काढून ठेवतात. बहुतेकदा दोन सर्किटच्या न्यूट्रल कुठेतरी एक झालेल्या असतात, नाहीतर कुणी न्यूट्रल-अर्थ जोडलेलं असतं. मेन बंद करून बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीवरच्या न्यूट्रल तारा एकेक सोडवा आणि प्रत्येकीचं अर्थशी मेगरिंग करा.

शहापूरकर:
खड्ड्याला जागा नाही, सगळी फरशी आहे.

खानापूर वायरिंग:
एक फरशी उचला. ३ मीटरचा कॉपर बॉन्डेड रॉड तेवढ्यात बसतो. जांभा लागला तर ठोकू नका, रॉड वाकतो. ड्रिलने भोक पाडून बेंटोनाइट भरा. दुसरा रॉड लागलाच तर पहिल्यापासून निदान ३ मीटर लांब.