सीबरीला गप्प केलं, वाद संपला?

निळा_फेटा: काल इथेच कुणीतरी लिहिलं, "हॅमिल्टनमध्ये सीबरीची फजिती बघून मजा आली, राजाचे पित्त्ये असेच हवेत." राहवलं नाही. अहो, अमेरिकी क्रांतीवरच्या त्या संगीत नाटकात सीबरीला, म्हणजे इंग्लंडच्या राजाची बाजू घेणाऱ्या पाद्रीला, धड एक कडवं पुरं करू देत नाहीत. खरा सीबरी १७७४ साली लिहीत होता की गुलामच व्हायचं तर निदान राजाचं होऊ, या उपटसुंभ कमिट्यांचं कशाला? क्रांतिकारक हॅमिल्टनने उत्तराचं पत्रक काढलं, ठीक. पण १७७५च्या नोव्हेंबरात कनेक्टिकटच्या टोळीने सीबरीला उचलून न्यू हेवनला डांबलं, वर त्याची पत्रकं छापणाऱ्या रिव्हिंग्टनच्या छापखान्यातले अक्षरांचे खिळे पळवले. ते गाण्यात कुठंय?

गच्चीवरचा: नाटक आहे ते, गॅझेटियर नव्हे. आणि नाटकातला राजा तिसरा जॉर्ज आहे की तुमच्या बाजूला! सगळ्यात जास्त हशा तोच घेतो.

निळा_फेटा: हशाच घेतो, मुद्दा एक मांडत नाही. '१७७६' हे संगीत नाटक बघा, १९६९चं. त्यातल्या स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या डिकिन्सनला निदान वाद घालू दिलाय.

जुनी_वही: डिकिन्सन राजनिष्ठ?? तो नेमस्त हो! १७७५त राजाला शेवटची विनवणी केली, १७७६त २ जुलैला स्वातंत्र्याच्या मतदानाला बाजूला राहिला आणि मग वसाहतींच्याच मिलिशियात, म्हणजे नागरी सेनेत, लढायला गेला. शेवटी सैन्यात जाताना दाखवलाय, तेवढं पुण्य. तोवर नाटकभर खलनायक.

ओंटारियोकर: आमची लेक न्यू जर्सीत शिकत होती तेव्हा हे राजनिष्ठ लोक घरभेदी होते. इकडे कॅनडात आलो आणि तेच झाले आद्य पूर्वज! बेलव्हिलच्या कॉलेजचं नावच लॉयलिस्ट, म्हणजे राजनिष्ठ. पोरगी विचारते, "बाबा, नक्की काय लिहू?" आणि न्यू जर्सीचा शेवटचा राजनियुक्त गव्हर्नर कोण, तर क्रांतिकारक बेंजामिन फ्रँकलिनचा स्वतःचा मुलगा. बाप-लेक कायमचे तुटले. त्यावर करा की संगीत नाटक.

गच्चीवरचा: आलं कॅनडा! तुमचे पूर्वज गुलाम घेऊन आले होते, तेही सांगा लेकीला.

ओंटारियोकर: सांगितलंय. आणि हेही की सुमारे ३००० कृष्णवर्णीय स्वातंत्र्यासाठीच इंग्रजांच्या बाजूने गेले आणि पुढे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात पोचले. त्यात वॉशिंग्टनच्या मळ्यावरून पळालेला हॅरीही होता. देशभक्त कोण, ते त्याला विचारा.

जुनी_वही: व्हर्जिनियाच्या राजनियुक्त गव्हर्नर डनमोरने फक्त बंडखोर मालकांच्या गुलामांना मुक्ती कबूल केली, तीही लढलात तर. स्वतःचे सोडले का? निव्वळ लष्करी डाव.

ओंटारियोकर: डाव तर डाव! साखळी तुटली ना? घरात बसून तत्त्वं शिकवू नका.

जुनी_वही: आवाज खाली. नोव्हा स्कोशियात इतकं सुख होतं, तर १७९२त सुमारे १२०० जण आफ्रिकेत सिएरा लिओनला का निघून गेले? हॅरीसुद्धा त्यांच्यातच.

ओंटारियोकर: ...हे मात्र खरं. जमीन द्यायचं कबूल करून पुरती दिली नाही.

गच्चीवरचा: चला, दोन्ही बाजू नालायक. मान्य. आता तरी मला गाणी ऐकू द्याल?

निळा_फेटा: खुशाल ऐका. धागा सीबरीचा होता, इथेही त्याचं कडवं मध्येच तोडलंत.