मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या दुरुस्तीचा ठराव झालाय, काम पुढे सरकत नाही. नगरपरिषदेत नेमकं काय आणि कुठे विचारायचं?

देवघेव:

नमस्कार मंडळी,

आमचं शहर पश्चिम महाराष्ट्रातलं, 'क' वर्ग नगरपरिषदेचं, म्हणजे लोकसंख्या 40 हजारांच्या आतली. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. कुणाला उघडं पाडायला हा धागा काढलेला नाही. एक काम अडलंय, आणि ते कुठे अडलंय एवढंच शोधायचंय.

नगरपरिषदेच्या मालकीची दुमजली इमारत आहे. खाली वाचनालय, वर अभ्यासिका. स्लॅब गळतो. गेल्या पावसाळ्यात पाणी वायरिंगपर्यंत उतरलं तेव्हा वरचा मजला बंद केला, तो अजून बंद आहे. बंद केला हे बरोबरच झालं, शॉक लागून कुणाचं काही बरंवाईट झालं असतं तर? पण पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, बँकेच्या परीक्षा देणारी मुलं तिथे पहाटेपासून बसायची. मुलगे कुठेतरी सोय लावतात. देवळाच्या ओवरीत बसतात, मित्राच्या मळ्यातल्या खोलीवर जातात. मुलींचं तसं होत नाही. दोन खोल्यांचं घर, टीव्ही, पाहुणेरावळे, धाकटी भावंडं, आणि वर 'घरीच आहेस ना, मग जरा हे बघ'. गावात खासगी अभ्यासिका आहे, पण तिची महिन्याची फी यांतल्या बऱ्याच जणींना झेपत नाही. मी संध्याकाळी वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीला मदत करते. या मुली येता-जाता विचारतात, 'ताई, वरचं कधी उघडणार?' त्यांना मला खरं उत्तर द्यायचंय.

आता कागदाची बाजू. आधीच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर इतर शहरांप्रमाणे आमच्याकडेही प्रशासक आले. दुरुस्तीचा ठराव त्यांच्या काळातला. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर नवे नगराध्यक्ष आणि नवे नगरसेवक आले. आता बांधकाम विभागात विचारलं की 'इस्टिमेट तांत्रिक मान्यतेला गेलंय' असं सांगतात, म्हणजे खर्चाचा अंदाज अभियंत्यांच्या मंजुरीला. लेखा विभाग म्हणतो 'निधी आला की बघू'. आमच्या प्रभागातले नगरसेवक म्हणतात, 'तो ठराव प्रशासकांचा आहे, सभागृहात विषय नव्याने घ्यावा लागेल.' सगळे नीट बोलतात, बसायला खुर्ची देतात. पण तीन टेबलांवरची तीन उत्तरं एकमेकांना जुळत नाहीत.

कर्मचाऱ्यांबद्दल मला राग नाही. माणसं किती कमी आहेत ते दिसतं. जन्म-मृत्यूचे दाखले देणाराच विवाह नोंदणी बघतो, आणि वसुलीच्या दिवसांत त्यालाच घरपट्टीचं पावती पुस्तक घेऊन गल्लोगल्ली पाठवतात.

मला हवी ती मदत अशी. प्रशासकांचा ठराव नवं सभागृह आलं की आपोआप बाद होतो का? ठरावापासून प्रत्यक्ष कामापर्यंत फाइल कुठून कुठे जाते, आणि ती कुठे आहे हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? सर्वसाधारण सभेत साध्या नागरिकाला बसता येतं का? शेवटचं म्हणजे, माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर ही माणसं दुखावतील अशी मला धास्ती वाटते. छोट्या गावात बाजारात, लग्नात, सगळीकडे त्यांचीच गाठ पडते. अशा गावात राहून ज्यांनी पाठपुरावा केलाय त्यांनी कृपया लिहावं. पावसाळा तोंडावर आलाय.

सरळरेषा:

लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्ज करा. मुदतीत काम झालं नाही तर अधिकाऱ्याला दंड होतो.

घाटमाथा:

@सरळरेषा, तो 2015 चा कायदा इथे लागत नाही. अधिसूचित सेवांना तो आहे: दाखले, नळजोडणी, मालमत्तेचं हस्तांतरण वगैरे. त्यांना ठरलेली मुदत असते आणि कसूर झाली तर 500 ते 5,000 रुपये दंडही आहे. इमारतीची दुरुस्ती ही कुणा एका अर्जदाराला द्यायची सेवा नाही.

जुना_सभालिपिक:

ताई, एका नगरपरिषदेत मी सभेचं कामकाज बरीच वर्षं सांभाळलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

ठराव आपोआप बाद होत नाही. सभागृह नसतं तेव्हा सभेचे आणि समित्यांचे अधिकार प्रशासक वापरतात, म्हणून त्यांचा ठराव हा नगरपरिषदेचाच ठराव. नव्या सभागृहाला तो नको असेल तर तसा ठराव करून रद्द करावा लागेल. पण 'नव्याने विषय घ्यावा लागेल' हे ऐकल्याबरोबर टोलवाटोलवी असं समजू नका. मधल्या काळात इस्टिमेटची रक्कम वाढलेली असू शकते, किंवा ज्या लेखाशीर्षातून (बजेटमधल्या खर्चाच्या खात्यातून) खर्च करायचा होता त्यात आता काही शिल्लक नसेल. तसं असेल तर विषय खरोखरच परत सभेपुढे न्यावा लागतो.

म्हणून आधी ठरावाची प्रत मिळवा आणि शेवटची दोन वाक्यं वाचा. खर्च कुठून भागवायचा ते तिथे लिहिलेलं असतं. योजनेचं किंवा लेखाशीर्षाचं नाव असेल तर उत्तम. नुसतं 'उपलब्ध निधीतून' असेल तर त्या ठरावामागे पैसा बांधलेला नाही. आणि ठराव 2025-26 मधला असेल तर त्या वर्षाची तरतूद 31 मार्चला संपली. चालू वर्षाच्या अर्थसंकल्पात अभ्यासिकेच्या दुरुस्तीची ओळ आहे का ते बघा. ती नसेल तर तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत: इस्टिमेट गेलंय, पैसा नाही, आणि विषय परत घ्यावा लागेल.

तांत्रिक मान्यतेचं म्हणाल, तर रक्कम नगर अभियंत्याच्या अधिकारात बसत असेल तर ती कार्यालयातच मिळते. वरची असेल तर प्रकरण बाहेर जातं, इमारतीचं बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. 'गेलंय' असं कुणी म्हणालं की शांतपणे विचारायचं: कुठल्या कार्यालयाला, आणि जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या कागदाचा नोंदवहीतला नंबर) व तारीख काय? जावक क्रमांक असला तर फाइल गेलीय. नसला तर ती अजून टेबलावर आहे. या प्रश्नाने कुणी दुखावत नाही, कारण तो माणसाबद्दल नाही, नोंदवहीबद्दल आहे. मान्यता आली की निविदा, दरांना मंजुरी, करारनामा, कार्यादेश (काम सुरू करायचा आदेश) असं पुढे चालतं. तुमचं प्रकरण अजून तिथवर आलेलं नाही.

सभेला खुशाल बसा. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 81 वाचा. अध्यक्षांनी एखादा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरवलं तर तेवढं सोडून सभा लोकांना खुली असते. बोलता येत नाही, ऐकता येतं. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. तिची नोटीस विषयपत्रिकेसह पुरे सात दिवस आधी निघते. सूचना फलकावर लागली की फोटो काढून ठेवा. नगरसेवकांना विषय द्यायचा असेल तर ही नोटीस निघण्याआधी द्या. नंतर गेलात तर तो 'आयत्या वेळचे विषय' यांत जातो. पैशांचा विषय तिथे घाईत उरकला तर पुढे त्यावरच बोट ठेवलं जातं आणि काम आणखी अडतं. माझ्या डोळ्यांदेखत असं झालेलं आहे.

कोकणकडा:

आमच्या नगरपंचायतीतला अनुभव सांगते. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी ठेवा, आधी सोमवार वापरा. नोव्हेंबर 2018 चा शासन आदेश आहे: जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांतही, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघता येतात. मी आदेशाची प्रत घेऊन गेले. सुरुवातीला कुणाला तो माहीतच नव्हता, मग अधीक्षकांनी स्वतः फाइल काढून दिली. फाइल हातात आली की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

अर्ज करायचाच झाला तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. 'काम का झालं नाही' असं लिहू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा: ठरावाची प्रत, इस्टिमेटची प्रत, तांत्रिक मान्यतेसाठी पाठवलेलं पत्र. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. आणि अर्ज देण्यापूर्वी त्या कर्मचाऱ्याला सांगा, 'दादा, मुलींना दाखवायला कागद हवाय, तुमच्यावर काही नाही.' आमच्याकडे यामुळे कटुता आली नाही.

घाटमाथा:

पैशांबद्दल थोडं. कायद्यात नगरपरिषदेची कर्तव्यं दोन प्रकारची आहेत. पाणी, दिवाबत्ती, गटारं, झाडलोट ही आवश्यक, वाचनालय ऐच्छिक. त्यामुळे बजेट बसवताना कात्री आधी इथेच लागते. यात दुष्टपणा नाही, पण त्यामुळेच कुणीतरी मागे लागल्याशिवाय अभ्यासिकेला पैसे मिळत नाहीत. 15 व्या वित्त आयोगाकडे बघायचा सल्ला कुणी देईल, तर 2021 ते 2026 साठीच्या त्या पैशांतले 60 टक्के लहान शहरांना पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेले होते. राज्य सरकारच्या नगरोत्थान अभियानाची जिल्हास्तरीय योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं विशेष अनुदान, आमदार निधी, हे मार्ग आहेत. यातला कुठलाही धरला तरी प्रस्ताव नगरपरिषदेकडूनच जायला लागतो.

तोवर वायरिंग वेगळं, गळती वेगळी, अशी छोटी कामं पाडून घेता येतील का बघा. छोट्या रकमेला मान्यता पटकन मिळते.

जुना_सभालिपिक:

@घाटमाथा, हेतू चांगला आहे, पण हा सल्ला ताईंनी घेऊ नये. निविदा टाळण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडणं नियमबाह्य आहे, लेखापरीक्षणात हमखास आक्षेप निघतो. तो पुढे सही करणाऱ्या अभियंत्यावर येतो, मग तो पुढच्या वेळी कशावरच सही करत नाही.

त्यापेक्षा, ताई, दुरुस्ती आणि मुलींच्या बसण्याची सोय हे दोन विषय वेगळे करा. नगरपरिषदेची शाळा आहे ना? शाळा सुटल्यावर एखादा वर्ग अभ्यासिकेसाठी मिळावा, असं पत्र मुख्याधिकाऱ्यांना द्या. त्याला ना इस्टिमेट लागतं ना निविदा. पत्र आवक बारनिशीत (येणाऱ्या कागदांच्या नोंदवहीत) नोंदवून आवक क्रमांकाची पोच घ्या, एक प्रत नगराध्यक्षांना, एक शिक्षण समितीच्या सभापतींना.

सरळरेषा:

एवढं सगळं करत बसण्यापेक्षा मुलींना घेऊन नगरपरिषदेच्या पायरीवर अभ्यासाला बसा. व्हिडिओ फिरला की आठवड्यात काम सुरू होईल.

देवघेव:

@सरळरेषा, तुमची तळमळ कळते. पण त्या व्हिडिओत चेहरे मुलींचे असतील, माझा नाही. त्यांतल्या एकीच्या वडिलांनी तिला मोठ्या मिनतवारीने शिकायला ठेवलंय. फोटो फिरला तर तिचं बाहेर पडणंच बंद होईल. तो मार्ग मी घेणार नाही.

@जुना_सभालिपिक, मनापासून आभार. तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात हे मला कुणी समजावलंच नव्हतं. शाळेचं तर डोक्यातच आलं नाही. आमच्या नगरपरिषदेच्या शाळेत पट कमी झाल्यामुळे दोन वर्ग तसेही रिकामे असतात. येत्या सोमवारी ठराव आणि चालू वर्षाचा अर्थसंकल्प बघायला जाते, @कोकणकडा, त्या आदेशाची प्रत घेऊनच. नगरसेवकांना विषयाचं पत्रही नोटीस निघायच्या आत देते.

आता वर्गाच्या पत्राबद्दल. मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, पण त्या पहिला प्रश्न विचारतील तो किल्लीचा आणि रात्रीच्या जबाबदारीचा. वीजबिल कुणाचं, बाकाचं नुकसान झालं तर कुणी भरायचं, रात्री मुली घरी जाईपर्यंत कोण थांबणार? कुणाच्या गावात शाळेत अशी अभ्यासिका चालत असेल तर पत्रात हे कसं लिहिलं ते सांगाल का? नमुना मिळाला तर फार बरं होईल.

कोकणकडा:

आमच्याकडे तीन वर्षं चालली. पत्रात आम्ही लिहिलं होतं: वेळ सायंकाळी 6 ते 9, किल्ली वाचनालयाच्या कर्मचाऱ्याकडे, रोज हजेरीवही, पालकांचं संमतीपत्र, दोन पालक आळीपाळीने शेवटपर्यंत हजर, परीक्षेच्या केंद्रासाठी किंवा निवडणुकीसाठी वर्ग लागला तर आदल्या दिवशी सांगून रिकामा करून देणार. वीजबिल नगरपरिषदच भरते, कारण शाळा तिचीच आहे, तरी ते स्पष्ट लिहून घ्या. जुनं पत्र कपाटात असेल, रात्री शोधून नावं झाकून इथे टाकते.