पत्रांतून मुलांना जगाचा इतिहास शिकवावा का?

गोदाकाठची
माझी सातपूरला सेकंड शिफ्ट असते. रात्री साडेअकराला घरी येते तेव्हा आठवीतली लेक झोपलेली असते, आणि सकाळी तिची शाळेची घाई. म्हणून जूनपासून दर आठवड्याला एक पत्र लिहून तिच्या कंपासपेटीखाली ठेवते. विषय जगाचा इतिहास. कल्पना नेहरूंची. ऑक्टोबर १९३० मध्ये नैनी तुरुंगातून त्यांनी इंदिरेला तेराव्या वाढदिवसाचं पत्र लिहिलं, आणि ऑगस्ट १९३३ पर्यंत १९६ पत्रं झाली.

शाळेत इतिहास तुकड्यातुकड्यांनी येतो. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा फ्रान्सच्या गादीवर चौदावा लुई होता आणि इंग्लंडात न्यूटन काम करत होता, हे एका दमात कुणी सांगत नाही. पत्रात सांगता येतं.

मागच्या महिन्यात आम्ही पांडवलेण्यांवर गेलो. सतरा नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात दान देणाऱ्याचं नाव आहे: धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा 'योनक', म्हणजे यवन, त्या काळच्या अर्थाने ग्रीक. लेकीने विचारलं, "आई, एवढ्या लांबून तो आपल्या नाशिकला कशाला आला?" त्या एका प्रश्नावर मी चार पानं लिहिली. भडोच आणि सोपाऱ्याची बंदरं, रोमला जाणारा माल, घाटातले रस्ते. पाठ्यपुस्तकाची चार पानं तिने कधी दोनदा वाचली नाहीत, ही वाचली.

तिखटमीठ
ताई, तुमची तळमळ दिसते, पण मला हे पटत नाही. आईच्या अक्षरात आलेला इतिहास मुलीला खरा वाटणारच, आणि आईशी वाद घालणं तेराव्या वर्षी सोपं नसतं. नेहरूंचंच घ्या. आशियाला त्यांनी न्याय दिला, पण सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका त्या पत्रांत किती थोडी आहे! आणि कटू वाटेल, पण बोलायला हवं. ज्या मुलीला स्वातंत्र्याचा इतिहास १९६ पत्रांतून सांगितला, तिच्याच सरकारने १९७५ मध्ये आणीबाणी आणली. मग पत्रांनी नेमकं काय साधलं?

खडू_फळा
मी इतिहास शिकवतो. आणीबाणीचा हिशोब वडिलांच्या पत्रांशी लावणं मला अन्यायाचं वाटतं. चाळीस वर्षांनंतरच्या निर्णयाला बालपणीचं वाचन जबाबदार धरायचं, तर कुठलाच शिक्षक सुटणार नाही. शेवटच्या पत्रात नेहरूंनी मुलीला स्पष्ट बजावलंय की, मी लिहिलेलं अंतिम प्रमाण मानू नकोस. हे वाक्य किती पालक लिहितात?

पण तिखटमीठ यांचा पहिला मुद्दा मात्र मला मान्य आहे. १९०६ च्या सुमारास नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. मूळची क्षत्रप नहपानाची. गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकल्यावर त्यांतल्या बहुतेकांवर स्वतःचा छाप मारला. वर्गात त्या नाण्याचा मोठा फोटो दाखवतो तेव्हा मुलांना नव्या चिन्हांखाली नहपानाचा चेहरा आणि कडेची ग्रीक अक्षरं शोधायला सांगतो. सापडली की वर्ग ओरडतो. पालकाचं पत्रही असाच छाप मारतं. खालचा चेहरा शोधायला मुलीला कोण शिकवणार?

पंचवटीकर
नाशिकचा तुरुंगही या चर्चेत यायला हवा. नेहरू तिकडे तुरुंगात पत्रं लिहीत होते, त्याच काळात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजींनी 'श्यामची आई' इथे नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुढे पुतणीला पत्रंही लिहिली. घरातल्या माणसाने लिहिलेलं मनात राहतं, हे आपल्याला नव्याने सिद्ध करायला नको. ताई, लिहीत राहा.

तिखटमीठ
मनात राहतं म्हणूनच तर भीती वाटते. माझ्या वडिलांनी फाळणीबद्दल जे सांगितलं ते मी तिशीपर्यंत तसंच्या तसं धरून बसलो होतो. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं वाचताना मला वडिलांशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. ते ओझं तुमच्या मुलीवर नको.

गोदाकाठची
तुमचं हे वाचून शिफ्टभर डोक्यात तेच होतं. मी लिहिणं थांबवणार नाही. रात्री घरी येऊन तिच्याशी बोलायची माझ्याकडे ही एवढीच जागा आहे. पण कालपासून दोन गोष्टी बदलल्या. पानाची उजवी बाजू कोरी सोडते, तिच्या शंका आणि विरोध लिहायला. आणि प्रत्येक पत्रासोबत त्याच विषयावर माझ्याशी न पटणारं एक पुस्तक सार्वजनिक वाचनालयातून आणणार आहे.

आज सकाळी उजव्या बाजूला पहिलं वाक्य आलं: "आई, तू सातकर्णी जिंकला एवढंच लिहिलंस, नहपानाच्या माणसांचं पुढे काय झालं?" मला उत्तर माहीत नाही. खडू_फळा सर, शनिवारी वाचनालयात भेटाल का? आफ्रिकेचं पत्रही राहिलंय. मालीचा सम्राट मानसा मुसाच्या १३२४ च्या मक्का यात्रेपासून सुरू करावं म्हणते.