९ महिने, ११ किलो, ७६ सेंमी: कन्व्हर्टिबल कार सीट कोणती घ्यावी?

वाकडवाली_आई

नमस्कार मंडळी. मुलगा ९ महिन्यांचा, वजन ११.२ किलो, लांबी ७६ सेंमी. आत्ताचं बेबी कॅरिअर (गाडीत बसवायचं) १३ किलोपर्यंतचं आहे, पण डोकं वरच्या कडेला आलंय आणि खांदे दाटतात. आता कन्व्हर्टिबल सीट (आधी मागे तोंड, नंतर पुढे तोंड करून वापरता येते ती) घ्यायची आहे.

गाडी हॅचबॅक, सीएनजी, डिकीत टाकी. सीटवर बाहेरून शिवून घेतलेली रेक्झिनची कव्हरं आहेत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आयसोफिक्स (बेल्टऐवजी कार सीट अडकवायचे गाडीतले गज) आहे असं लिहिलंय, पण कव्हरखाली काही सापडत नाही. गाडी बहुतेक वेळा नवरा चालवतो आणि तो सहा फुटी आहे. वापर शहरात, अधूनमधून एक्सप्रेसवेने मुंबई.

दुकानदार म्हणतो, बाळ ९ किलोच्या वर गेलंय तर सरळ पुढे तोंड करून बसवा. हे बरोबर आहे का? खोक्यावर ०-१८, ०-२५, ०-३६ किलो असं काय काय असतं, त्यातलं कुठलं घ्यावं? आणि आयसोफिक्स की बेल्ट? बजेट २० हजार.

पाना_पक्कड

दुकानदाराचं ऐकू नका. ९ किलोचा आकडा येतो आर४४ या युरोपीय नियमातून. त्यात सीटचे गट वजनावर पाडलेत: ०+ म्हणजे १३ किलोपर्यंत, गट १ म्हणजे ९ ते १८ किलो. आपल्याकडचं एआयएस-०७२ हे मानक साधारण त्याच वळणाचं आहे. या हिशेबाने अंगाने भरलेलं बाळ सहाव्या महिन्यातसुद्धा पुढे तोंड करायला 'पात्र' ठरतं, कारण स्टिकर वय विचारतच नाही.

पण मान वजनाबरोबर पिकत नाही. या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं, मणक्यांचा बराच भाग अजून कूर्चा असतो आणि अस्थिबंध सैल असतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं आणि डोक्याचा सगळा झटका मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकदम शेलमध्ये (सीटच्या कडक पाठीत) दाबली जातात आणि जोर पसरतो. नंतर आलेल्या आर१२९ नियमात (आय-साइझ त्यातलंच) म्हणूनच १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला परवानगी नाही, मग वजन काहीही असो. तिथे पुढे तोंड करायला लांबी निदान ७६ सेंमी लागते. ती तुमच्याकडे आत्ताच आहे, वय नाही. भरलेल्या बाळांच्या बाबतीत नेमकी इथेच फसगत होते.

आता खोक्यावरचे आकडे. '०-१८ किलो' म्हणजे १८ किलोपर्यंत मागे तोंड असं नव्हे. अशा बऱ्याच सीटमध्ये मागे तोंड १३ लाच संपतं आणि ९ ते १८ फक्त पुढे तोंड. जागतिक आरोग्य संघटनेच्या वजनाच्या तक्त्यात मुलग्यांची वरची रेघ (+२ एसडी, म्हणजे सरासरीपेक्षा बरीच वरची) बघा: ९ महिन्यांना ११.० किलो, १२ ला १२.०, १६ ला १३.१, ३ वर्षांना १८.३. तुमचा मुलगा या रेघेच्या किंचित वर आहे. म्हणजे १३ किलोची मर्यादा साधारण १५-१६ महिन्यांत संपेल. मागे तोंड करून १८ किलोपर्यंत चालणारी सीट घेतलीत तर तीन वर्षांच्या आसपास पोचाल. आय-साइझवाली (तिची मर्यादा लांबीत देतात) मागे तोंड १०५ सेंमीपर्यंत असेल तरी गणित जवळपास तेच येतं.

त्यामुळे दुकानात एकच प्रश्न विचारा: मागे तोंड करून कमाल किती? उत्तर तोंडी घेऊ नका. सीटच्या कडेचं केशरी स्टिकर आणि मॅन्युअल, दोन्ही उघडून वाचा. ०-३६ वाल्या 'एकच सीट, बारा वर्षं' प्रकाराकडे मी जाणार नाही. त्यातल्या अनेकांचं मागे तोंड १३ किलोवरच थांबतं आणि पुढच्या वर्षांत ती नुसती बूस्टर (गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक) म्हणून उरते. बूस्टर तेव्हा वेगळं स्वस्तात मिळेल.

सिंहगड_रोड

+१. फक्त किलो बघून भागणार नाही, शेलची उंची मापा. भरलेल्या बाळाचं वजन शिल्लक असताना डोकं आधी वर येतं असं पुष्कळदा होतं. तुमच्या कॅरिअरचं तेच झालंय.

बाळाला भिंतीला टेकवून जमिनीवर बसवा आणि बूड ते टाळू मापा. लांब पायांच्या मुलाला एकूण ७६ सेंमी असूनही शेल पुरतं, लांब धडाच्या मुलाला पुरत नाही. मग सीटची गादी ते शेलची वरची कड मापा (उशी सर्वात वर सरकवून). आज निदान ८-१० सेंमी मोकळे हवेत, नाहीतर वर्षभरात पुन्हा बाजारात जावं लागेल. टाळू कडेच्या वर जाता कामा नये, काही मॅन्युअल २.५ सेंमी खालीच थांबायला सांगतात.

मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. पुढे तोंड केल्यावर उलट, पातळीला किंवा किंचित वरून. मांड्या जाड असतील तर जांघेतला पट्टा पुढे-मागे करायला दोन खाचा आहेत का बघा. एकच खाच असेल तर बकल पोटात रुततं, मग घरचे पट्टे सैल सोडतात आणि सीट असून नसल्यासारखी होते. नवजात बाळासाठीची आतली गादी काढा, या वजनाला ती कधीच लागत नाही. पट्टे ओढून झाल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची चुणी चिमटीत धरता येत असेल तर अजून सैल आहेत. डिसेंबरात जाड स्वेटर घालून आवळलेले पट्टेही खरे सैलच असतात. स्वेटर काढा, पट्टे लावा, वरून पांघरूण घाला.

पाय मागच्या सीटला टेकतील, दुमडतील. ती तक्रार आजी-आजोबांची असते, बाळाची नसते.

पाना_पक्कड

आता गाडीबद्दल, कारण तुमच्या बाबतीत खरी अडचण तिथे आहे.

आयसोफिक्सचे दोन आडवे गज पाठ आणि बैठक मिळते त्या फटीत, बाजूच्या दोन्ही जागांवर असतात. बाहेरच्या कव्हरने ती फट शिवून बंद झालेली असते. गज सापडले तरी काम संपत नाही, सीट फिरू नये म्हणून तिसरा आधार लागतो: जमिनीवर टेकणारा पाय किंवा वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर. टेदरचा हूक काही गाड्यांत मागच्या पाठीच्या मागे असतो, काहींत डिकीच्या तळाशी. तळाशी असेल तर सीएनजी टाकी त्याच्यावरच बसलेली असू शकते. टाकीच्या ब्रॅकेटला किंवा पिशव्या अडकवायच्या हुकाला टेदर लावायचा नाही, ते त्या झटक्यासाठी बनवलेले नाहीत. आधाराचा पाय असेल तर त्याच्याखालचं जाड सेव्हन-डी मॅट काढा आणि पायाखाली पोकळ कप्पा नाही ना ते बघा.

भरलेल्या बाळासाठी आणखी एक आकडा: आर१२९ च्या आयसोफिक्स सीटमध्ये सीट आणि मूल मिळून ३३ किलो धरतात. सीट स्वतः १४ किलोची असेल तर मुलाला १९ उरतात. म्हणून वजनदार, फिरणारी सीट दिसते छान, पण तुमच्या उपयोगाची वर्षं खाते.

बेल्टवर बसणारी सीट चांगली आवळली तर सुरक्षिततेत कमी नसते, लोक ती चुकीची बसवतात एवढंच. तुमची गाडी आणि बजेट बघता मी बेल्टवालीच घेईन. मात्र मागे तोंड करताना बेल्ट शेलला वळसा घालतो आणि छोट्या हॅचबॅकमध्ये तो चक्क अपुरा पडतो. म्हणून सीट गाडीत बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लक्ष्मी रोडवर हे जमणार नाही; पार्किंग असलेलं दुकान गाठा किंवा परत घेण्याची मुदत लेखी असेल तरच ऑनलाइन मागवा.

बसवताना निळ्या खुणेच्या वाटेने बेल्ट घाला, ती मागे तोंडाची (लाल वाट पुढे तोंडाची). बेल्टला पीळ नको. बकल लावा, गुडघ्याने सीट खाली दाबा, आधी कमरेचा भाग ओढा, मग खांद्याचा. क्लॅम्प (बेल्ट घट्ट धरून ठेवणारी सीटवरची चाप) असेल तर शेवटी लावा. बेल्ट जातो त्या जागी धरून हलवा: २.५ सेंमीपेक्षा जास्त सरकायला नको. गाडीच्या बेल्टचं बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवं टेकत असेल तर ती जोडी जमत नाही, दुसरं मॉडेल बघा. ओढून ओढून ते सुटत नाही.

दोन_नंबर_गिअर

जागा कुठली तेही सांगून ठेवतो. डावीकडे, पुढच्या प्रवाशाच्या मागे. सहा फुटी ड्रायव्हरच्या मागे हॅचबॅकमध्ये मागे तोंडाची सीट मावणं कठीण, आणि डावीकडे असेल तर बाळाला फुटपाथच्या बाजूने उचलता येतं. बाळ आता स्वतः बसतं, त्यामुळे मॅन्युअल परवानगी देत असेल तर सीट थोडी उभी ठेवा, पुढच्या सीटला तेवढीच जागा मिळते.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या जागेवर कुठला गट चालतो याचा तक्ता असतो. 'यू' म्हणजे सगळ्या युनिव्हर्सल (बहुतेक गाड्यांत चालणाऱ्या) सीट, 'यूएफ' म्हणजे फक्त पुढे तोंडाच्या, 'एक्स' म्हणजे चालत नाही. पुढच्या जागेवर, चालू एअरबॅगसमोर मागे तोंडाची सीट कधीच नाही.

दंड विचाराल तर कलम १९४-बी खाली १४ वर्षांखालचं मूल न बांधता नेलं तर १००० रुपये. तेवढेच वाचवायचे असतील तर कुठलीही सीट चालेल, हा सगळा धागा वाचायची गरज नाही.

वाकडवाली_आई

सगळ्यांचे आभार. बूड ते टाळू ४८ सेंमी भरलं. तक्त्यात डावीकडे 'यू' आहे. टेदरचा हूक डिकीच्या तळाशी, आणि टाकीच्या खालीच. म्हणजे बेल्टवाली. दोनच शंका: मधल्या जागेवर बसवली तर? आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत बकल तापतं, त्याला काय करावं?

सिंहगड_रोड

मधला बेल्ट आधी बघा. फक्त कमरेचा, दोन टोकांचा असेल तर विषय संपला, या सीटना तीन टोकांचा लागतो. तीन टोकांचा असला तरी हॅचबॅकमध्ये मधे उंचवटा असतो आणि सीट डुलते.

गाडी उभी करताना बकलवर पांढरा पंचा टाकून जा. पट्ट्यांवर कापडी कव्हर शिवून घेऊ नका, चिमटीची परीक्षा खोटी ठरते. पट्टे साबणात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा. सेकंडहँड मिळाली तर शेलच्या खाली कोरलेली मुदत बघा, आणि अपघात झालेल्या गाडीतली सीट फुकट मिळाली तरी नको.

पाना_पक्कड

४८ आहे तर सीटची आतली उंची ५६ च्या खाली नको. आणि रेक्झिनवर सीट घसरते, म्हणून डाव्या जागेचं कव्हर निदान बसवताना काढून बघा, पकडीत फरक जाणवेल. ते ठेवायचंच असेल तर कव्हरवाल्याकडून बकलच्या जागी आणि फटीत चीर मारून घ्या, कडेला दुहेरी टाके घालायला सांगा. नुसतं ब्लेडने कापलेलं रेक्झिन उसवत जातं आणि बकल पुन्हा आत जाऊन बसतं.